गोचीडजन्य रक्तपरजीवी आणि संकरित गोधन : संशोधनाचा आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील दुग्धव्यवसायाचे आजचे स्वरूप घडविण्यात संकरित गाईचा वाटा मोठा आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' या संस्थेने गोठविलेल्या वीर्याच्या साहाय्याने होल्स्टीन-फ्रिजियन व जर्सी या विदेशी जातींचा संकर शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेला. त्यामुळे दूध वाढले; परंतु या मातीतील एक जुना रोगही अधिक तीव्रतेने जाणवू लागला. 'थायलेरिया अनुलाटा' या एकपेशीय परजीवीमुळे होणारा हा रोग थायलेरिओसिस किंवा 'गोचीड ताप' म्हणून ओळखला जातो. देशी गाय बहुधा या रोगातून निभावून जाते, संकरित गाय मात्र वेळेवर उपचार न झाल्यास दगावू शकते. या फरकाची कारणे आणि नियंत्रणाचे उपलब्ध मार्ग यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

रुमानियातील व्हिक्टर बाबेश यांनी १८८८ मध्ये आजारी गुरांच्या तांबड्या रक्तपेशींत सूक्ष्म जीव पाहिले. पुढे 'बबेसिया' हे नाव त्यांच्यावरूनच रूढ झाले. अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ व एफ. एल. किलबोर्न यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'टेक्सास ताप' या रोगावरील अहवालाने तर रोगविज्ञानाला नवी दिशा दिली. दक्षिणेकडील गोचीडग्रस्त गुरांबरोबर ठेवलेली उत्तरेकडील गुरे आजारी पडली. गोचिडी काढून टाकलेल्या गुरांच्या सहवासात मात्र ती निरोगी राहिली. प्रयोगशाळेत अंड्यांतून बाहेर आलेल्या पिलांनीही रोग पसरविला. संधिपाद प्राणी एकपेशीय परजीवीचा रोग पसरवितो याचा हा पहिला प्रायोगिक पुरावा होय. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी पाहिला तो त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ मध्ये.

दोन परजीवी, दोन मार्ग

भारतात 'बबेसिया बायजेमिना' मुख्यतः 'ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस' या गोचिडीमार्फत पसरतो. ही गोचीड पिलापासून प्रौढावस्थेपर्यंत एकाच जनावरावर राहते आणि परजीवी मादीच्या अंड्यांतून पुढील पिढीत उतरतो. तो तांबड्या पेशी फोडतो. त्यामुळे जनावराची लघवी लाल होते.

'थायलेरिया अनुलाटा'चा मार्ग वेगळा आहे. तो 'हायालोमा अनाटोलिकम' या गोचिडीमार्फत पसरतो, मात्र तिच्या अंड्यांतून पुढे जात नाही. अपक्व अवस्थेत बाधित जनावराचे रक्त शोषलेली गोचीड कात टाकून प्रौढ होते आणि दुसऱ्या जनावरास रोग देते. मधल्या काळात ती गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत दडून बसते. केवळ जनावराच्या अंगावर औषध फवारल्यास गोठ्यातील गोचिडी शिल्लक राहतात, त्या यामुळेच. शिवाय गोचीड चिकटल्यानंतर तिच्या लाळग्रंथींतील परजीवी रोगक्षम होण्यास काही दिवस लागतात. म्हणून गोचिडी लवकर काढून टाकणे उपयुक्त ठरते.

जनावराच्या शरीरात हा परजीवी प्रथम पांढऱ्या पेशींत शिरतो आणि त्यांना कर्करोगाच्या पेशींप्रमाणे अखंड विभाजन करण्यास भाग पाडतो. पेशी दुभंगताना परजीवीही तिच्याबरोबर विभागला जातो. औषधाने परजीवी नष्ट केल्यास हे विभाजन थांबते. याच कारणाने कर्करोगाच्या अभ्यासकांनाही त्याचे कुतूहल वाटते. त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ३,८०० प्रथिनांची जनुके आढळली. पुढील टप्प्यात परजीवी तांबड्या पेशींत जातो. तीव्र ताप, खांद्यापुढील लसीका ग्रंथींची सूज, रक्तक्षय आणि दुधातील मोठी घट ही रोगाची प्रमुख लक्षणे होत.

देशी व विदेशी गुरांतील फरक

२००५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात साहिवाल व होल्स्टीन वासरांना एकाच परजीवीची बाधा देण्यात आली. साहिवाल वासरांत रोगाची लक्षणे सौम्य राहिली आणि दाहाशी निगडित प्रथिनांचे रक्तातील प्रमाणही बरेच कमी आढळले. परजीवीइतकीच शरीराची अनावर दाहप्रतिक्रियाही घातक ठरते, असे यावरून सूचित होते. याखेरीज देशी वासरांना लहानपणीच सौम्य बाधा होऊन प्रतिकारक्षमता येते आणि ती पुढे परजीवीची वाहक म्हणून जगतात. एकाच गोठ्यातील धडधाकट देशी गाय अशा रीतीने शेजारच्या संकरित गाईच्या रोगाचा स्रोत ठरू शकते.

निदान, उपचार व प्रतिबंध

गिम्सा रंजकाने रंगविलेला रक्ताचा अथवा लसीका ग्रंथीतील द्रवाचा काचपट्टीवरील नमुना ही निदानाची रूढ पद्धत आहे. वाहक जनावरांत परजीवींची संख्या अत्यल्प असल्याने त्यांच्या शोधासाठी पीसीआर तंत्र अधिक विश्वसनीय ठरते.

उपचारासाठी बुपार्व्हाकोन हे औषध १९८० च्या दशकापासून प्रभावी ठरले आहे. मात्र ते रोगाच्या आरंभीच द्यावे लागते. ट्युनिशियात २०१० मध्ये या औषधाला न जुमानणाऱ्या परजीवींची नोंद झाली. परजीवीच्या सायटोक्रोम-बी जनुकातील बदलांशी या प्रतिकाराचा संबंध आढळला आहे. गोचीडनाशकांबाबतही तीच अडचण असून डेल्टामेथ्रिनला प्रतिकार करणाऱ्या गोचिडी भारतात आढळल्या आहेत.

भारतात 'रक्षाव्हॅक-टी' ही जिवंत, क्षीणीकृत परजीवींची लस विकसित झाली. पेशीसंवर्धनात परजीवी दीर्घकाळ वाढवून त्याची रोगकारकता कमी केली जाते. ही लस द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवावी लागत असल्याने ती दूरच्या खेड्यापर्यंत पोहोचविणे कठीण जाते. परजीवीऐवजी गोचिडीलाच लक्ष्य करणारी, तिच्या आतड्यातील बीएम-८६ या प्रथिनावर आधारित लस १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात वापरात आली; परंतु तिचा मुख्य उपयोग 'मायक्रोप्लस' या जातीपुरता आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की औषध, लस व गोचीडनाशक या तिन्ही उपायांना स्वतःच्या मर्यादा आहेत. संकरित वासरांचे वेळेवर लसीकरण, भिंतींच्या भेगा बुजविणे, गोचीडनाशकांचा विवेकाने वापर आणि ताप येताच रक्ततपासणी यांची सांगड घालणे त्यामुळे आवश्यक ठरते. विदेशी रक्ताचे प्रमाण ठरविताना दुधाच्या उत्पादनाबरोबरच रोगप्रतिकारक्षमतेचाही हिशेब मांडावा लागेल. कोणत्या परिसरात कोणत्या ऋतूत कोणती गोचीड आढळते, ही या साऱ्या उपाययोजनेची पायाभूत माहिती होय. सूक्ष्मदर्शक आणि गिम्सा रंजक उपलब्ध असलेल्या महाविद्यालयीन प्राणिशास्त्र विभागांना पशुवैद्यकांच्या सहकार्याने ती संकलित करता येण्याजोगी आहे. ज्या कुटुंबाचा चरितार्थ एका-दोन गाईंवर अवलंबून असतो, त्याच्या दृष्टीने अशा स्थानिक संशोधनाचे मोल मोठे आहे.