उतरलेला काटा पुन्हा का चढतो?

जिन्याच्या चौथ्या पायरीवर कठडा धरून, धाप लागलेल्या शेजारच्या काकू आपण पाहिल्या असतील. उंची १६० सेंटिमीटर, वजन १२० किलो. ‘जरा तोंडाला आवर घाला’ हे त्यांना येता-जाता ऐकवलं जातं. हे बोलणं मला फार अन्यायाचं वाटतं.

आधी मोजमाप. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागलं की बीएमआय मिळतो. काकूंचा येतो सुमारे ४७. बीएमआय चाळीसच्या पुढे गेला की तीव्र स्थूलता धरतात.

काकू जेवण कमी करतात. पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरतो, पण त्यात बरंचसं पाणी असतं. शरीरात साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, संपते आणि तिने धरून ठेवलेलं पाणीही जातं. पुढे वेग मंदावतो. इथेच घरचे विचारतात, ‘चोरून खाता का?’

मग चरबी घटू लागते. चरबीच्या पेशी आकसतात, संख्येने मात्र जवळपास तेवढ्याच राहतात. आकसलेल्या पेशी लेप्टिन कमी सोडतात. साठा पुरेसा आहे, हे मेंदूला कळवणारं हे संप्रेरक १९९४ साली सापडलं. निरोप कमी झाला की मेंदू दुष्काळ पडल्यासारखा वागतो. जठरातून येणारं, भूक चेतवणारं घ्रेलिनही वाढतं. म्हणजे रात्री अकराला लागलेली काकूंची भूक खरी असते. ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या एका अभ्यासात हे बदल वर्षभरानंतरही टिकून होते.

त्याच वेळी शरीर खर्चातही हात आखडता घेतं. वजन घटवण्याच्या एका अमेरिकी टीव्ही स्पर्धेतले १४ जण सहा वर्षांनी तपासले. त्यांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी निघाला. बहुतेकांचं वजन बरंचसं परतही आलं होतं. पाचशे कॅलरी म्हणजे चार-पाच पोळ्या!

अशा वेळी बरेच जण नुसत्या काकडीवर राहतात. त्यात स्नायूही झिजतात आणि खर्च आणखी घटतो. स्नायू टिकावेत म्हणून डाळ, दही, अंडी सोडू नयेत. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून किंवा पाण्यात व्यायाम करता येतो. मधुमेहाच्या आणि नैराश्याच्या काही औषधांनीही वजन वाढतं. ती आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

काकूंचं सहा किलो उतरलं तरी साखर आणि रक्तदाब सुधारू शकतात. तेवढ्याने भागत नसेल तर सेमाग्लुटाइडसारखी औषधं किंवा बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन घटवण्याची, शस्त्रक्रिया आहे. दोन्ही भुकेच्या निरोपांवर काम करतात. डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी सोबत ठेवा आणि रात्री घोरताना श्वास अडकतो का, तेही सांगा.