हजेरीपटावर नसलेली नावं

२७ जुलै १९७७ पर्यंत यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरमधला गोंड माणूस सरकारच्या लेखी आदिवासी नव्हता. विदर्भातल्या अनुसूचित जमातींची जुनी यादी तालुके पाहून केलेली होती. अमरावतीतलं मेळघाट, चांद्यातलं गडचिरोली आणि सिरोंचा, यवतमाळ जिल्ह्यातलं केळापूर, वणी आणि यवतमाळ एवढ्याच तहसिलींत राहणाऱ्यांना ती लागू होती. नेर तेव्हा दारव्हा तहसिलीत होतं आणि दारव्ह्याचं नाव यादीत नव्हतं. त्यामुळे शिवेच्या अलीकडचा भाऊ आदिवासी आणि पलीकडचा बिगर-आदिवासी, असा हिशेब पाव शतकाहून जास्त काळ चालला. संसदेने १९७६ साली दुरुस्ती कायदा करून ही क्षेत्राची अट काढली आणि पुढच्या वर्षी तो अमलात आला. १९५० साली अठरा वर्षांचा असलेला पोरगा तोवर पंचेचाळिशीला पोचला होता. त्याच्या नोकरीचं वय कधीच निघून गेलं होतं.

नोकरीच्या ठिकाणी आदिवासींना बरोबरीने सामावून घ्यायचं, जुना अन्याय मान्य करून त्याची भरपाई करायची, ही चर्चा आज जगभर चालते. कॅनडात सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यातली ब्याण्णवावी थेट उद्योगधंद्यांना उद्देशून आहे: आदिवासींना नोकऱ्या आणि प्रशिक्षणाची समान संधी द्या, आणि आपल्या अधिकाऱ्यांना त्यांचा इतिहास शिकवा. ऑस्ट्रेलियात २००६ पासून कंपन्या, विद्यापीठं, सरकारी खाती सलोख्याचे कृती-आराखडे लिहून जाहीर करतात. २००८ साली दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. आपली वाट वेगळी होती. आपण १९५० सालीच घटनेत आरक्षण लिहिलं, आणि त्याबाबत आपण त्यांच्या कितीतरी पुढे होतो. पण लिहिलेली जागा भरली का, आणि भरली तर कोणी, हे नीट पाहिलं नाही.

२०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्यात साधारण साडेअठरा टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. गोंड, परधान, कोलाम, आंध आणि पारधी. राज्याच्या सरकारी नोकरीत या सगळ्यांसाठी मिळून सात टक्के जागा आहेत. नेर तालुका अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यामुळे पेसा कायद्याखालच्या गावांत तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशा पदांवर स्थानिक आदिवासींना जे प्राधान्य ठरवलं, ते इथे लागू नाही. इथल्या मुलाचा आधार एकच, बिंदुनामावलीतला, म्हणजे राखीव जागांच्या क्रमवारीतला, त्याचा बिंदू.

तो बिंदू दुसऱ्यानेच गाठल्याची कहाणी महाराष्ट्रात मोठी आहे. आदिवासींच्या राखीव जागेवर खोट्या किंवा न टिकणाऱ्या दाखल्यांवर माणसं लागली, बढत्या घेत गेली. १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली. २००० सालच्या मिलिंद कटवारे प्रकरणात जमातींच्या यादीचा अर्थ न्यायालयाने वाढवू नये असं ठरलं, पण तोवर मिळालेल्या लाभाला धक्का लावला गेला नाही. शेवटी ६ जुलै २०१७ रोजी जगदीश बहिरा प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं, की जमातीचा दावा अवैध ठरला तर नोकरीचं संरक्षण नाही. मग राज्य सरकारने २१ डिसेंबर २०१९ ला शासन निर्णय काढला. दावा अवैध ठरलेल्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा, पदांवर वर्ग करायचं आणि रिकाम्या झालेल्या जागा खऱ्या आदिवासींमधून भरायच्या. त्या वेळी आकडा पुढे आला साडेबारा हजार पदांचा.

साडेबारा हजार पगार. त्यातून शिकली असती अशी मुलं, घेतली असती अशी घरं, आणि कचेरीत आपला माणूस आहे म्हणून न घाबरता आत गेले असते असे म्हातारे. पद बळकावलं जातं तेव्हा हे सगळंच जातं. ज्यांचे दावे अवैध ठरले त्यांनाही लेकरंबाळं आहेत, हे मी विसरत नाही. त्यांना अधिसंख्य पदावर ठेवून सरकारने त्यांची भाकर राखली, ते योग्यच केलं. पण रिकामी झालेली जागा भरण्याची घाई मात्र तेवढी दिसली नाही, आणि त्याचा मला संताप आहे.

नेर परिसरात या प्रश्नाचं सगळ्यात बोचरं टोक फासेपारध्यांच्या बेड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर दिसतं. फास, जाळी लावून तितर, लावा, ससा धरणं आणि रानाची राखण करणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि देशभर असंख्य भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही बंद झाली. रानातले जीव वाचवायलाच हवे होते. पण त्या दिवशी ज्यांचा धंदा गेला, त्यांच्या हाताला दुसरं काम कोणी दिलं नाही. गावात चोरी झाली की पहिली चौकशी आजही बेड्यावर होते.

अशा बेड्यावरची मुलगी बारावी झाली, भरतीला बसली, तर तिच्यापुढे काय येतं ते पाहू. आधी जमातीचा दाखला, मग पडताळणी. त्यासाठी १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जमातीचा पुरावा मागतात. ज्या आजोबांनी पालं पाठीवर घेऊन आयुष्य काढलं, त्यांचा कोतवाल बुकातला उतारा किंवा शाळेचा दाखला आणायचा कुठून? आडनाव पवार, चव्हाण, भोसले, म्हणजे टेबलापलीकडच्या माणसाच्या डोक्यात आधीच शंका. त्यात फासेपारधी अनुसूचित जमातीत, तर पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातींच्या यादीत. लिहिणाऱ्याने एक शब्द चुकवला, की फाईल परत. पूर्वी गृहचौकशीत कुळ, देव, लग्नाच्या चालीरीती विचारून आप्तभाव तपासत आणि शिकलेल्या पोराला ते सांगता आलं नाही तर दावा फेटाळत. २४ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही. उशिरा का होईना, हे फार मोलाचं झालं.

नंतर येते चारित्र्य पडताळणी. संशयावरून नाव गोवलेला, पुढे सुटका झालेला एखादा खटला असला, तरी नेमणूक अडते. अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली न्यायालयाने नियुक्ती अधिकाऱ्यांना सांगितलं आहे, की गुन्ह्याचं स्वरूप आणि एकूण परिस्थिती पाहून निर्णय घ्या. नेमणूक करणाऱ्याने तो निकाल एकदा तरी वाचलेला असावा.

आणि रुजू झाल्यावर? साहेबांच्या टेबलावरचा पेन हरवला की सगळ्यांच्या नजरा जिच्याकडे वळतात, तिने आठ तास कसं काम करायचं? कचेरीतला हा भाग कुठल्याच शासन निर्णयात नाही. तो फक्त वरिष्ठाच्या हातात असतो. पहिल्याच वेळी त्याने स्पष्ट शब्दांत अडवलं, तर दुसरी वेळ येत नाही. सणांचंही तसंच. पांढरकवडा-झरीकडे दिवाळीच्या दिवसांत गोंड-कोलाम वस्त्यांवर दंडारीचे ढोल वाजतात. तिकडून बदलून आलेल्या शिपायाने त्यासाठी सुट्टी मागितली तर तिला लक्ष्मीपूजनाच्या सुट्टीएवढाच मान हवा.

खासगी कंपन्यांना आरक्षण लागू नाही; २००६ मध्ये उद्योग संघटनांनी अशांना सामावून घेण्याची आचारसंहिता स्वेच्छेने स्वीकारली. तालुक्याच्या जिनिंगपर्यंत ती पोचलेली मी पाहिली नाही.

आशा वाटावी असं काम मात्र नेरपासून लांब नाही. शेजारच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी जिल्हा परिषदेची शिक्षकाची नोकरी सोडून २०१२ मध्ये फासेपारध्यांच्या मुलांसाठी शाळा काढली, ‘प्रश्नचिन्ह’. पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत तिच्या खोल्या आल्या आणि पाडल्या गेल्या. शाळा तरी चालू राहिली. या शाळेतून निघालेली मुलं येत्या काही वर्षांत आपल्याच कचेऱ्यांच्या दारात अर्ज घेऊन उभी राहणार आहेत.

दुसरं काम अकोला-वाशीमकडचं. ‘संवेदना’ ही संस्था तिथे फासेपारध्यांसोबत माळरानं राखते. तणमोर हा माळावरचा अतिशय दुर्मिळ पक्षी. तो कोणत्या गवतात बसतो, कधी उडी मारतो, अंडी कुठे घालतो, हे त्याला धरणाऱ्यांइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? ज्या नजरेने शिकार केली, तीच नजर आता गणनेला आणि राखणीला लागली. मला या कामात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की इथे पारध्याला आपलं ज्ञान बाहेर ठेवून आत यावं लागलं नाही. वनविभागाने रोजंदारी मजूर म्हणून नव्हे, तर जाणकार म्हणून अशी माणसं नेमली, मानधन ठरवून दिलं, तर कारंजा-सोहोळ अभयारण्यातल्या काळविटांचंही भलं होईल.

नेरमधल्या शाळा-महाविद्यालयांना एक काम लगेच करता येण्याजोगं आहे. वर्गातल्या आदिवासी मुलांचे दाखले आणि पडताळणीचे अर्ज शाळेनेच भरून घ्यायचे, पुरावे कमी असतील तर वडिलांकडच्या नातलगांची वैधता प्रमाणपत्रं शोधून जोडायची. एका रक्तनात्यातल्या माणसाला वैधता मिळालेली असली, तर पुढच्याचं काम बरंच सोपं होतं. प्रत्येक बेड्यावर पहिल्या माणसाची फाईल पार पडणं म्हणूनच इतकं मोठं असतं.

आणि कचेऱ्यांसाठी. बिंदुनामावलीची नोंदवही अमरावतीला विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. अनुसूचित जमातीचे किती बिंदू, किती भरले, किती अनुशेष, हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली साध्या अर्जावर आणि दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर तिची प्रत मागता येते. नगर परिषद, पंचायत समिती, एसटी आगार, अनुदानित शाळा, सगळ्यांची.