बोटांचे बळ आणि चाकाचा वेग

रस्त्यावरून भरधाव जाणारी मोटारसायकल पाहिली, की आपले लक्ष प्रथम तिच्या इंजिनाकडे जाते. ती ताशी किती किलोमीटर धावते, हे सर्वजण विचारतात. ती किती नेमकेपणाने थांबते, हे विचारणारे थोडे. वास्तविक जे वाहन हवे तेथे थांबत नाही, त्याचा वेग हा गुण नसून संकटच होय. म्हणून इंजिनाचा विचार क्षणभर बाजूस ठेवून उजव्या मुठीपुढील त्या छोट्या दांड्याचा, म्हणजे ब्रेकच्या लिव्हरचा, आणि त्यास जोडलेल्या मास्टर सिलिंडरचा परिचय आम्ही येथे करून देणार आहोत.

सायकलचा ब्रेक आपण दाबतो तेव्हा तारेने किंवा सळईने ओढ पुढे पोचते. वेगवान मोटारसायकलीत हे काम द्रवाकडे सोपविलेले असते. त्यामागील तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल याने मांडले. पास्काल १६६२ साली निवर्तला आणि द्रवांच्या समतोलावरील त्याचा ग्रंथ पुढल्याच वर्षी छापला गेला. बंद भांड्यातील द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हे त्याचे सार. या तत्त्वावर चालणारे ब्रेक चारही चाकांना बसवून १९२१ साली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटार विक्रीस आली. १९६९ मध्ये जपानच्या होंडा कंपनीने सीबी ७५० ही मोटारसायकल काढली, तेव्हा तिच्या पुढील चाकास द्रवाने चालणारा डिस्क ब्रेक होता.

याचा प्रयोग कोणासही करता येईल. सुया काढलेल्या दोन पिचकाऱ्या, एक लहान व एक मोठी, घ्याव्यात. दोन्हींत पाणी भरून त्या रबरी नळीने जोडाव्यात. लहान पिचकारीचा दट्ट्या दाबला की मोठीचा दट्ट्या आश्चर्य वाटावे इतक्या जोराने वर येतो. परंतु तो उचलला जातो अगदी थोडा. बळ वाढले, अंतर घटले. निसर्ग फुकट काहीच देत नाही; बळात जे मिळते, त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. या लेखातील पुढील सारे विवेचन या एका वाक्याचाच विस्तार आहे.

मोटारसायकलीत लहान पिचकारीच्या जागी असतो मास्टर सिलिंडर, आणि मोठीच्या जागी चाकाजवळील कॅलिपर. कॅलिपरमधील दट्टे घर्षणाच्या गाद्या पोलादी चकतीवर दाबतात. शिवाय लिव्हर स्वतः एक तरफ असते. तिचा टेकू एका टोकाशी असून, टेकूपासून थोड्याच अंतरावर ती मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यास रेटते. हे अंतर जितके कमी, तितके बोटांचे बळ अधिक पटींनी वाढते.

येथेच 'जुळवून घेता येणारा' मास्टर सिलिंडर आपले वैशिष्ट्य दाखवितो. इटलीतील ब्रेम्बो या कंपनीच्या 'आरसीएस' नावाच्या प्रकारात, लिव्हरच्या पुढील बाजूस असलेला एक स्क्रू फिरवून हे अंतर १८ किंवा २० मिलिमीटर ठेवता येते. दोनच मिलिमीटरांनी काय होणार, असे कोणी म्हणेल. गणितच करून पाहू. समजा, टेकूपासून १०० मिलिमीटरांवर बोटांनी ५ किलो भार दिला. अंतर २० असेल तर दट्ट्यावर २५ किलो भार पडेल. १८ असेल तर सुमारे २७.८ किलो. दट्ट्याचा व्यास १९ मिलिमीटर धरल्यास द्रवातील दाब पहिल्या वेळी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८.८ किलो, तर दुसऱ्या वेळी ९.८ किलो होईल. म्हणजे बोटांचे श्रम तेवढेच, पण दाब सुमारे ११ टक्क्यांनी अधिक. मात्र दट्ट्या १ मिलिमीटर सरकविण्यास पहिल्या वेळी बोटे ५ मिलिमीटर हलवावी लागतात, तर दुसऱ्या वेळी साडेपाचाहून किंचित अधिक. १८ वर लिव्हर हलकी व लांब चालीची लागते. २० वर ती घट्ट व आखूड चालीची लागते. एकीत दाब हळूहळू वाढविता येतो, दुसरीत ब्रेक चटकन पकडतो. पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर पहिली बरी, असे कित्येकांस वाटते. शर्यतीच्या कोरड्या मार्गावर काहीजण दुसरी पसंत करतात. यात थोर-लहान काही नाही.

याच गणिताने एक मोठा गैरसमजही दूर होतो. मास्टर सिलिंडर जितका मोठा तितका ब्रेक जोरदार, असे अनेकजण समजतात. सत्य नेमके उलट आहे. १६ ऐवजी १९ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या घेतल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे १.४१ पट होते; म्हणून तेवढ्याच बळाने दाब कमी निर्माण होतो. लिव्हर दगडासारखी कठीण लागते आणि स्वार मात्र तिलाच ताकद समजतो! सिलिंडर हा कॅलिपरला अनुरूप हवा, शोभेला अनुरूप नव्हे.

डाव्या हाताकडील क्लचलाही हाच नियम लागू आहे. क्लच इंजिन व गियर यांचा संबंध तोडतो आणि पुन्हा जोडतो. द्रवाने चालणाऱ्या क्लचमध्ये स्प्रिंगच्या विरुद्ध रेटून त्याच्या तबकड्या विलग केल्या जातात. लिव्हर फारच हलकी करण्याच्या मोहात पडलो, तर तबकड्या पुरेशा विलग होत नाहीत आणि गियर अडखळू लागतात. बळाचा लाभ झाला, पण अंतराचे देणे थकले.

लिव्हर व मूठ यांतील अंतर कमी-अधिक करण्याची सोय याहून वेगळी आहे. ती हाताच्या मापासाठी असते. लहान बोटांच्या स्वाराने लिव्हर जवळ घ्यावी, हे योग्यच. परंतु पूर्ण दाबल्यावर ती मुठीस टेकता कामा नये. तसेच लिव्हरच्या आरंभीची किंचित मोकळी चालही राखलीच पाहिजे. ती नाहीशी झाल्यास द्रव परत टाकीत जाण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते. तापून प्रसरण पावलेल्या द्रवास वाट मिळत नाही आणि चाक आपोआप जखडू लागते.

द्रवाची निगाही तितकीच महत्त्वाची. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो तो नेहमीचा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट ४ प्रकारचा ताजा द्रव किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. लांब घाटाच्या उतरणीवर सतत ब्रेक दाबून तो उकळला, तर वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, द्रव दबत नाही. म्हणून ऐन वळणावर लिव्हर निमूटपणे मुठीला येऊन टेकते आणि चाक तसेच धावत राहते. दोनेक वर्षांनी द्रव बदलण्याचा सल्ला देतात तो याचसाठी.

सारांश, स्क्रूच्या एका फेऱ्याने मोटारसायकलीत नवी शक्ती येत नाही. असलेल्या शक्तीची वाटणी तेवढी बदलते. कोणत्याही बदलानंतर जाणकाराकडून तपासणी करून घेऊन, मोकळ्या जागी मंद वेगाने ब्रेक अजमावून पाहावा, मगच रहदारीत शिरावे. पिचकाऱ्यांचा प्रयोग ज्याने एकदा मन लावून केला आहे, त्याला यामागचे कारण निराळे सांगण्याची गरज नाही. आपल्या दोन बोटांच्या आणि धावत्या चाकाच्या मध्ये केवळ थोडासा द्रव उभा आहे, याची जाणीव स्वाराने सदैव बाळगावी, इतकेच आमचे सांगणे आहे.