इंदिरानगर ते लंडन : आधी कागद, मग गाडी

नाशिकच्या इंदिरानगर बोगद्यापाशी मुंबई-आग्रा महामार्गाला लागून स्वतःच्या मोटारीने लंडन गाठावे, असे एखाद्या कुटुंबाच्या मनात आले, तर त्यात अशक्य काही नाही. १९५७ साली ‘इंडियामॅन’ नावाची बस लंडनहून निघून इराण-पाकिस्तानमार्गे कोलकात्यास पोहोचली होती. २०१६ मध्ये महाडच्या सूनबाई भारुलता कांबळे ब्रिटनमधून एकट्या मोटार चालवीत, ३२ देश ओलांडून सासरी आल्या.

अडचण रस्त्यांची नसते, सरहद्दींची असते. अटारीची वाट एप्रिल २०२५ पासून बंद आहे. मणिपूरच्या मोरेहमार्गे म्यानमारची वाट २०२१ च्या लष्करी उठावानंतर भरवशाची राहिलेली नाही. उरतात दोन पर्याय : नेपाळ-तिबेटमार्गे चीन, किंवा गाडी जहाजाने आखाती देशात पाठवून तेथून पुढचा प्रवास. चीनमध्ये परवानाधारक मार्गदर्शक सोबत लागतो, तात्पुरता वाहनक्रमांक व चालक परवानाही घ्यावा लागतो. हा खर्च वाटून घेण्यासाठी अनेक जण ताफ्याने जातात.

मात्र खरा जीव अडकतो तो ‘कार्ने’ नावाच्या पुस्तिकेत. गाडी विकण्यासाठी नव्हे, तर परत नेण्यासाठी आणली आहे, याची ती हमी. इराणसारख्या देशांत ती आवश्यक असते. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ती देते. मुदत साधारण एक वर्षाची. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात : एक देशात शिरताना सीमाशुल्क अधिकारी फाडून घेतो, दुसरा बाहेर पडताना, आणि तिसऱ्यावर दोन्ही शिक्के उमटून तो पुस्तिकेतच राहतो. बाहेर पडल्याचा शिक्का राहून गेला, तर गाडी त्या देशातच राहिली असे धरून आयातशुल्काची मागणी होऊ शकते. गाडी चोरीस गेली वा अपघातात निकामी झाली, तरी ती जबाबदारी आपोआप संपत नाही.

या जोखमीपोटी संस्था तारण किंवा बँक हमी मागते. त्याची रक्कम गाडीच्या किमतीवर व देशांवर ठरते. येथे व्यापारी कुटुंबांनी विशेष सावध राहावे. ही हमी पेढीच्या कर्जमर्यादेतून घेतल्यास ऐन दिवाळीच्या हंगामात खेळते भांडवल आखडते. त्यापेक्षा वेगळी मुदत ठेव तारण ठेवणे केव्हाही बरे. आपल्याकडे मोटार बहुधा पेढीच्या नावावर असते, शिवाय कर्जाऊ असते. तेव्हा भागीदारांचे अधिकारपत्र आणि बँकेचे ना-हरकत पत्र आधी हाती हवे. आपला मोटार विमाही सरहद्दीपलीकडे चालत नाही. अतिरिक्त हप्ता भरून तो नेपाळसारख्या शेजारी देशांपुरता वाढवता येतो, पुढे प्रत्येक टप्प्यावर तेथला विमा घ्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय चालक परवाना मात्र आरटीओत सहज मिळतो.

शिध्याचेही तसेच. खाकरे, पापड, भाजलेली पिठे चालतात. पण दुग्धजन्य पदार्थ, ताजी फळे व भाज्या चीनच्या सीमेवर काढून घेतल्या जातात. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी गाडीतच छोटी शेगडी व वेगळी भांडी ठेवावीत, आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठता येईल इतकेच अंतर रोज धरावे. लंडनची तारीख त्यामुळे पुढे गेली तर जाऊ द्यावी.

परतल्यावर कार्ने सर्व शिक्क्यांनिशी संस्थेकडे जमा करावी लागते. ती तपासून झाल्यावरच हमी मोकळी होते, आणि तोवर ती मुदत ठेव मोडता येत नाही.