विहीर एक, मोटारी दोन

सामाईक विहिरीवरची भांडणं खेड्यात नवी नाहीत. कागदावर हिस्सा असतो, पाण्याची वेळ नसते. त्यातून शेतीची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मग 'आधी माझी मोटार' यावरून सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या घरची पायरी चढेनासे होतात.

आमच्या गावाकडच्या अशा एका भांडणात निवृत्त गुरुजींनी मध्यस्थी केली, तेव्हा मी तिथं होतो. सगळे निवाड्याची वाट पाहत होते. गुरुजींनी धाकट्याला नुसतं विचारलं, "तुला दिवसाचंच पाणी कशाला रे पाहिजे?"

"आई अंथरुणाला खिळलीय, गुरुजी. रात्री तिला एकटं टाकून उसाला पाणी द्यायला कसा जाऊ?"

थोरल्याची भाजी होती. भाजीला पाणी थोडं, पण वरचेवर लागतं. रात्री जायला त्याची ना नव्हती.

"अरे, मग हे मला बोलला का नाहीस?"

"दादा, तुम्ही विचारलं कुठं?"

ठरलं ते असं: दिवसाच्या विजेचा पहिला तास भाजीला, उरलेला उसाला, रात्रीची वीज थोरल्याची. एक महिना करून बघायचं, मग पुन्हा बसायचं. वहीत लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. मागणी दोघांची एकच होती, गरजा मात्र वेगळ्या. 'कशाला' विचारल्याशिवाय त्या दिसल्या नसत्या.

कविता लिहीत असल्यामुळे माझं लक्ष शब्दांकडे जातं. 'तू नेहमीच पाणी चोरतोस' याला उत्तर काय देणार? शिवीच. 'मंगळवारी माझ्या वेळेत तुझी मोटार दोन तास चालू होती' याला उत्तर देता येतं. अबोला तर त्याहून वाईट. तो तीन दिवसांपलीकडे नेऊ नये, असं आमच्या घरातली वडीलधारी मंडळी बजावत. चौथ्या दिवसापासून माणूस मनातल्या मनात दोघांचेही संवाद बोलू लागतो!

जिथं मारहाण आहे, धाक आहे, तिथं मात्र 'मिटवून टाका' म्हणणं हा अन्याय आहे. तिथं पोलीस आणि कायदाच हवा.

बाकीच्यांसाठी वाटा आहेत. गावातले तंटे सामोपचारानं मिटावेत म्हणून १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. कोर्टात गेलेला दावा दोघांच्या राजीखुशीनं लोकअदालतीत मिटवता येतो. तिथल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, भरलेलं कोर्टशुल्कही परत मिळतं. पण त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी तडजोडीचा कागद वाचून घ्यावा; वाचता येत नसेल तर विश्वासातल्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्यावा, आणि पाण्याचे दिवस, तास त्यात नीट लिहिलेत ना, ते बघावं.