एका पानाचा विक्रमवीर

बालमित्रांनो, आधी एक कोडे घालते.

‘पान मला बहुधा एकच. फूल नाही, फळ नाही, बीसुद्धा नाही. पण माझ्या एका पेशीत तुमच्या तीसपटींहून जास्त गुणसूत्रे आहेत. ओळखा पाहू मी कोण?’

हरलात? हा आहे ऑफिओग्लॉसम रेटिक्युलेटम नावाचा नेचा. नावाला घाबरू नका हं! ग्रीक भाषेत ‘ऑफिस’ म्हणजे साप आणि ‘ग्लॉसा’ म्हणजे जीभ. पानाच्या देठातून एक बारीक दांडी वर येते, ती सापाच्या जिभेसारखी दिसते म्हणून हे नाव. ‘रेटिक्युलेटम’ म्हणजे जाळीदार. पानातल्या शिरांची जाळी असते ना, म्हणून. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ मध्ये हे नाव दिले. आपण त्याला सापजिभ्या म्हणूया.

सापजिभ्या आपल्या सह्याद्रीतही उगवतो. पावसाळ्यात गवतात वीतभर उंचीचे हिरवे पान दिसते आणि पाऊस सरला की वाळून जाते. जमिनीखाली खोड मात्र जिवंत राहते.

आता त्याचे कुटुंब कसे वाढते ते पाहू. त्या दांडीवर दोन्ही बाजूंनी मण्यांसारख्या बीजाणुधानी असतात. प्रत्येकीत हजारो बीजाणू! ते वाऱ्याने उडतात आणि मातीत शिरतात. पण त्यातून लगेच नवा नेचा उगवत नाही बरं का. आधी जमिनीखाली एक लहानसा, रंगहीन जीव तयार होतो. त्याला ‘युग्मकोद्भिद’ म्हणतात. अंधारात राहणारा हा जीव स्वतःचे अन्न कसे बनवणार? त्याला जेवू घालते एक बुरशी. त्याच्यावर नर आणि मादी पेशी तयार होतात. मातीतल्या पाण्यातून पोहत नरपेशी मादीपेशीकडे जाते, दोघी एक होतात आणि मग नेच्याचे रोप वाढू लागते.

नरपेशीत ७२० गुणसूत्रे, मादीपेशीत ७२०. बेरीज करा. १४४०! माणसाची ४६, भाताची २४ आणि कांद्याची तर १६च. आजवर मोजलेल्या प्राणी-वनस्पतींत हा विक्रम समजला जातो. १९५४ मध्ये अब्राहम आणि निनान या भारतीय शास्त्रज्ञांनी याच नेच्यात बाराशेहून अधिक गुणसूत्रे मोजली, तेव्हा सगळे चकित झाले. पुढे १४४० हा आकडाही भारतातल्याच रोपांत मिळाला. मूळचा संच १५ गुणसूत्रांचा असावा आणि तो वेळोवेळी वाढत ९६ पट झाला, असे शास्त्रज्ञ मानतात. करा गुणाकार! पण गुणसूत्रे जास्त म्हणजे हुशारी जास्त, असे मात्र नाही हं.

वर्गीकरणातही या पठ्ठ्याने सगळ्यांना कोड्यात टाकले. नेहमीच्या नेच्याचे कोवळे पान गोगलगायीच्या शंखासारखे गुंडाळलेले असते. याचे तसे नसते. मग याचा जवळचा नातलग कोण? सायलोटम नावाची एक वनस्पती आहे. तिला ना मुळे, ना खरी पाने. नुसत्या हिरव्या काड्यांचा झाडूच म्हणा ना! दिसायला दोघांत काहीच साम्य नाही. पण डीएनए तपासल्यावर कळले की हीच सापजिभ्याची सख्खी बहीण! २०१६ मध्ये जगभरच्या नेचेतज्ज्ञांनी मिळून जे वर्गीकरण केले, त्यात या दोघांना एकाच उपवर्गात बसवले आहे. म्हणजे नुसत्या रूपावरून नाते ठरवायचे नसते, खरे ना?

या पावसाळ्यात आईबाबांबरोबर डोंगरावर गेलात, तर गवतात वाकून बघा. सापजिभ्या दिसला तर चित्र काढा, शिरांची जाळी न्याहाळा, पण तोडू मात्र नका. वहीत ठेवायला एकच पान नेले तर काय बिघडले, असे तुम्हाला वाटेल. पण तेच त्याचे स्वयंपाकघर आणि त्यावरच त्याचे बीजाणू. ते तोडले, की बिचाऱ्याची वर्षभराची शिदोरी गेली आणि पुढची पिढीही!