ईदचे गाणे मराठीत कोण लिहिणार?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही मराठी शाळेत जा आणि मुलांना विचारा, दिवाळीचे गाणे येते का? येते. पोळ्याचे? येते. पावसाचे, शेताचे, आईचे, शिवबाचे, जिजाऊंचे, सगळे येते. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे जिजाऊंचा पाळणा तर मुले पहिली-दुसरीतच शिकतात. मग ईदचे? वर्गातली आपली मुले एकमेकांकडे बघतात. नात येते, हम्द येते, पण ती उर्दूत. मदरशात किंवा घरी पाठ केलेली. ज्या भाषेत ती धडे वाचतात, भांडतात आणि क्रिकेटची कॉमेंट्री करतात, त्या भाषेत त्यांच्या सर्वांत मोठ्या सणाचे गाणे त्यांच्याजवळ नाही.

मी पेटी वाजवतो, मुलांना गाणी शिकवतो, गावोगाव गोष्टी सांगतो. माझ्या कामात हा प्रश्न रोज पुढे येतो, म्हणून तो वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

आधी एक शंका

गाण्याचा विषय काढला की आपल्या घरात एक प्रश्न हमखास येतो, "पण हे चालते का?" प्रश्न प्रामाणिक आहे, तो टाळू नये. संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. काहींनी वाद्ये वर्ज्य मानली, काहींनी शब्द आणि हेतू बघून सूट दिली. ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे.

पण दोन गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. ईदच्या दिवशी हजरत आयशा यांच्या घरी दोन मुली डफावर गात होत्या. हजरत अबू बकर यांनी त्यांना रागावले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या मुलींना गाऊ द्या, प्रत्येक समाजाची ईद असते आणि ही आपली आहे, अशा अर्थाचे सांगितले. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. दुसरी गोष्ट हजरत हस्सान बिन साबित यांची. कविता म्हणण्यासाठी त्यांना मस्जिदीत मिंबर ठेवून दिला जात असे. कथेबद्दल बोलायचे तर कुरआनातली सूरह यूसुफ स्वतःलाच उत्तम कथा म्हणवते. वाद्ये नको असतील तर नुसत्या आवाजात गावे. ओवीला वाद्य लागतच नाही, जात्याची घरघर पुरते.

घरातली शाळा

आमची दादी जात्यावर बसली की गुणगुणायची. तिच्या ओळींत अल्लाचे नाव असायचे, माहेरचा रस्ता असायचा आणि शेजारच्या घरातली बाळंतीणही असायची. भाषा अर्धी आपली वऱ्हाडी ढंगाची उर्दू, अर्धी मराठी. कुणी म्हटले, "दादी, जरा जोर से गाव ना," तर ती म्हणायची, "अरे बेटा, ये गाना थोडी है, ये तो पीसने का काम है."

दादीला माहीत नव्हते, पण हे काम फार जुने आहे. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत दखनीत 'चक्कीनामे' रचले गेले. जात्याचा खुंटा, त्याची पाळी, पडणारे पीठ यांच्या निमित्ताने दळणाऱ्या बाईला अल्लाची आठवण व्हावी, अशी त्यांची रचना असे. मोठमोठे ग्रंथ जिथे पोहोचले नाहीत तिथे दीन जात्यावरच्या गाण्याने पोहोचला. इकडे महाराष्ट्रात गी पोयटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांत फिरून बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. त्यांनी त्या वेळी लिहून घेतल्या नसत्या, तर पीठ राहिले असते आणि गाणे गेले असते.

आपल्या घरांत लग्नातला ढोलकही असाच मागे पडतो आहे. हळदीच्या रात्री बायका गोल बसून गायच्या, नवरदेवाच्या बहिणीला चिडवायच्या, मध्येच एखादी म्हातारी जुनी गोष्ट सांगायची. आता मंडपात डीजे येतो. त्याच्या आवाजात कुणाला कुणाशी बोलता येत नाही, मग कुणी कुणाला चिडवणार? ढोलकीभोवती गाणारी पंधरा-वीस माणसे असायची. डीजेसमोर सगळेच ऐकणारे, गाणारा एकही नाही. समाजाचे खरे नुकसान इथे होते.

मराठी आपल्याला परकी नाही

काही जणांना वाटते, मराठीत ईदचे गाणे म्हणजे उर्दू सोडणे. तसे नाही. एका घरात दोन भाषा सुखाने नांदतात, आपल्या घरांत त्या पिढ्यान्‌पिढ्या नांदतच आल्या आहेत. आणि मराठी काव्यात आपण काही पाहुणे नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिला. पेशवाईच्या उत्तरकाळात शाहीर सगनभाऊंच्या लावण्या फडाफडावर गाजल्या. आणि शाहीर अमर शेख तर आपल्या आजोबांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेले.

अमर शेख मूळचे बार्शीचे. जन्म 1916 चा, नाव मेहबूब. घरी गरिबी. लोकगीतांचे बाळकडू त्यांना आई मुनेरबी यांच्याकडून मिळाले. पुढे 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज मैदाने भरून टाकायचा. 1969 मध्ये अपघातात ते गेले. ज्या महाराष्ट्राचे गाणे त्यांनी गायले, त्या महाराष्ट्राने त्यांना कधी परके मानले नाही. त्यांच्या आवाजाची सुरुवात एका आईच्या घरगुती गाण्यात होती, हे मात्र आपण विसरतो. आज मुनेरबींच्या जागी आपल्या घरातली आई आहे. तिच्याजवळचे गाणे मुलापर्यंत पोहोचते का?

1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून कथा, कविता, आत्मकथने पुष्कळ आली. ती वाचायची असतात. मला हवे आहे ते गाणे, जे अक्षर न येणाऱ्या दादीलाही यावे आणि चार वर्षांच्या नातवालाही.

कलकत्ता आणि मेहकर

असे गाणे कसे होते, याचे उदाहरण बंगालात आहे. काझी नझरुल इस्लाम हे बंगालीचे मोठे कवी. गायक अब्बासुद्दीन अहमद त्यांच्या मागे लागले की बंगालीत इस्लामी गीते लिहा, लोकांना ती हवी आहेत. ग्रामोफोन कंपनीला मात्र धाकधूक होती, अशा रेकॉर्डी विकत कोण घेणार? शेवटी 1931 मध्ये नझरुलनी रमजान संपून येणाऱ्या ईदवर गीत लिहिले आणि पुढच्या वर्षी ईदच्या सुमारास त्याची रेकॉर्ड आली. आज नव्वद वर्षांनंतरही बांगलादेशात चाँदरात त्या गीताशिवाय होत नाही. याच नझरुलनी कालीमातेची भक्तिगीतेही लिहिली, आणि बंगालने दोन्ही आपली मानली.

कुणी म्हणेल, ते कलकत्ता होते, आपण कुठे! तर ऐका. त्याच दशकात आपल्या मेहकरात वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली. तिची रेकॉर्ड निघाली आणि तालुक्याच्या गावातली कविता मराठी घराघरात पोहोचली. मराठी भावगीताच्या वाटेवरचा तो एक मोठा टप्पा मानतात. मेहकरातून एक गाणे महाराष्ट्रभर गेले, तर दुसरे का जाणार नाही? त्या काळी रेकॉर्ड कंपनीची मनधरणी करावी लागे. आज प्रत्येक घरात रेकॉर्ड करणारा मोबाइल आहे.

गाण्यात काय असावे?

लिहिणाऱ्यांसाठी माझ्या अनुभवातल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली, ऋतू सांभाळा. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. आज ती उन्हात असेल, काही वर्षांनी थंडीत, मग कापूस वेचणीत, मग सोयाबीनच्या दिवसांत येईल. एकाच ऋतूचे वर्णन केलेले गाणे लवकर शिळे होते. चंद्र मात्र सगळ्या ऋतूंत असतो.

दुसरी, ताट दिसू द्या. शीरखुर्मा शेजारी जातो आणि दिवाळीत त्याच वाडग्यातून चिवडा परत येतो, हे आपल्या गावातले खरे चित्र आहे. ईदच्या नमाजाआधी सदका-ए-फित्र द्यायचा, म्हणजे गरिबाच्या घरीही चूल पेटावी. हे दोन विषय मुलाला गाण्यातून कळले तर वेगळा उपदेश लागणार नाही.

तिसरी, चाल सोपी ठेवा. आपल्याकडे चालींना तोटा नाही. पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या यात्रेत होळीच्या सुमाराला सगळ्या धर्मांची माणसे येतात, संदल निघतो, फकीर गातात, कव्वाल बसतात. तिकडे देऊळगाव राजाजवळचे मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव, तिथे अभंग आहे. भारूड, पोवाडा, ओवी हे सारे आपल्या कानांवरून लहानपणापासून गेले आहे. उधार चाल आणायला मुंबईच्या सिनेमाकडे जायला नको.

मागे एका गावी मी मुलांकडून चार ओळी बसवून घेत होतो. ओट्यावरच्या शेजारच्या काकू ऐकत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, तिसरी ओळ जराशी लांबली. म्हणताना दम लागते मले." त्यांचे बरोबर होते. ती ओळ मी कापली. गाणे आपल्या सणाचे, दुरुस्ती काकूंची. मला तर वाटते, समाजाचे गाणे असेच बनते.

येत्या रमजानपर्यंत

घरात दादी, नानी, फुफू असतील तर रोज इफ्तारनंतर दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसा. मोबाइल चालू करा आणि त्यांना येते ते गाऊ द्या, अडखळल्या तरी थांबवू नका. मग वहीत उतरवा, देवनागरीत किंवा उर्दू लिपीत, जी येत असेल तीत. कोणी गायले, कोणत्या गावी शिकल्या, तेही लिहा. शिक्षक असाल तर ईदच्या आधीच्या आठवड्यात मुलांना दोन-चार ओळी रचायला सांगा, सगळ्याच मुलांना. आणि रचलेले गाणे आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला ऐकवा. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना ती ते आपणहून गुणगुणली, तर समजा गाणे जमले. नाही गुणगुणली, तर पुन्हा लिहायला बसा.